दुधाच्या दातांना वाली कोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठी भाषेचे दातांवर भारी प्रेम. 'दात आहेत तर चणे नाहीत', 'आपलेच दात आपलेच ओठ', 'दात कोरून पोट भरत नाही', 'खायचे दात वेगळे, दाखवायचे वेगळे'. शिवाय दात काढणे, दात विचकणे, दात धरणे, दातखीळ बसणे हे आहेच. कविता लिहिणारा माणूस असल्यामुळे मी अशा गोष्टी उगाच मोजत बसतो. मोजता मोजता लक्षात आले, की हे सगळे दात मोठ्या माणसांचे आहेत. लहान मुलांच्या दातांवर मला आठवते ते एकच वाक्य, आणि तेही हिणवण्याचे: 'अजून दुधाचे दात पडले नाहीत, आणि निघालाय आम्हाला शिकवायला!'

आमच्या घरी पडलेला दात कौलांवर भिरकावायचा आणि उंदराकडे त्याच्यासारखा बारीक, मजबूत दात मागायचा, अशी रीत होती. मोहल्ल्यात होती आणि पलीकडच्या वाड्यातही होती. उंदराने जातपात पाळली नाही. रीत गोड आहे, पण तिच्या पोटात एक समजूत लपलेली आहे. हे दात पडण्यासाठीच आलेले आहेत, मग त्यांची काळजी कशाला?

हिशेब करून पाहा. पहिला दात साधारण सहाव्या महिन्यात येतो. अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दात पुरे होतात. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात हे खरे, पण मागच्या दुधाच्या दाढा मूल अकरा-बारा वर्षांचे होईपर्यंत तोंडात असतात. म्हणजे भाकरी चावून अंगी लावायची, हाडापेराने वाढायचे, बाराखडी नीट उच्चारायची, ती सगळी वर्षे या 'पडणाऱ्या' दातांवरच काढायची. त्यात रात्री ठणका लागला, की मूल एका बाजूने चावते, मग दूध-बिस्किटावर येते. दाढ अकाली काढावी लागली, तर शेजारचे दात त्या जागेत सरकतात आणि खालून येणाऱ्या पक्क्या दाताची वाट अडते.

केंद्रीय पातळीवर २००२-०३ मध्ये झालेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांच्या मुलांपैकी ५१.९ टक्के मुलांच्या दातांना कीड आढळली होती. निम्म्याहून अधिक. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये काढलेल्या अहवालात दुधाचे दात किडलेल्या मुलांचा जगाचा आकडा ५१ कोटी ४० लाख इतका दिला आहे. इतका मोठा आजार, आणि मूल त्याने मरत नाही म्हणून त्याला कोणी आजार म्हणायला तयार नाही.

मी बी.ए. झालेला माणूस, दातांचा डॉक्टर नव्हे. या विषयाच्या मागे लागलो तो माझ्या थोरल्या बहिणीमुळे. आपा सोलापूर जिल्ह्यात तीस वर्षे अंगणवाडी सेविका होती. तिच्याकडे वळायचेच आहे, पण त्याआधी जरा जुन्या गोष्टीत शिरू.

'कीड' हा शब्दच पाहा. दातात अळी असते आणि ती पोखरते, ही समजूत बाबिलोनइतकी जुनी आहे. माझ्या लहानपणी आठवडी बाजारात दाताची कीड काढणारे बसत. रिंगणीचे बी निखाऱ्यावर टाकायचे, नळीने तोंडात धूर द्यायचा आणि मग पाण्यात पांढऱ्या 'अळ्या' दाखवायच्या. अळी नसतेच, हे १७२८ मध्ये फ्रान्सच्या पिएर फोशार यांनी लिहून ठेवले होते. मग दात पोखरतो कोण? त्याचे नीट उत्तर १८९० मध्ये बर्लिनमध्ये काम करणाऱ्या डब्ल्यू. डी. मिलर या अमेरिकन दंतवैद्याने दिले. तोंडातले जंतू साखर-पिठावर जगतात, त्यातून आम्ल तयार होते आणि ते आम्ल दाताचे कवच विरघळवते. सांगायला सोपी गोष्ट, पण तिने सगळे चित्र बदलले. आम्ल रोज थोडे थोडे काम करते, तर ते रोज थोडे थोडे थांबवताही येते. आणि रोजचे काम डॉक्टर करू शकत नाही. ते मूल जिथे आहे तिथेच कोणीतरी करावे लागते.

ते कोणी करायचे, हा गेल्या सव्वाशे वर्षांतला खरा वाद आहे.

सुरुवात युरोपात झाली. त्या काळी जर्मनीत असलेल्या स्ट्रासबुर्ग शहरात एर्न्स्ट येसेन यांनी १९०२ मध्ये शाळकरी मुलांसाठी नगरपालिकेचा दातांचा दवाखाना उघडला. इंग्लंडमध्ये जॉर्ज कनिंगहॅम यांच्या खटपटीने १९०७ मध्ये केंब्रिजला तसाच दवाखाना निघाला. सरकारांना मुलांच्या दातांची आठवण झाली, त्यामागे निव्वळ माया नव्हती. बोअर युद्धाच्या वेळी ब्रिटिश फौजेत भरती व्हायला आलेले जवान सडक्या दातांमुळे परत पाठवावे लागले. फौजेचे बिस्कीट दगडासारखे, ते चावणार कशाने? तोफखान्याच्या हिशेबात बाळदातांचा नंबर लागला. पुष्कळ चांगल्या गोष्टींचा जन्म असा आडवाटेने होतो.

अमेरिकेत वेगळेच काहीतरी घडले. कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावी आल्फ्रेड फोन्स नावाचे दंतवैद्य होते. दात भरून भरून त्यांना कळून चुकले, की आपण गळके छप्पर पुसत बसलो आहोत. १९०६ मध्ये त्यांनी आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना दात स्वच्छ करण्याचे आणि रोग्याला शिकवण्याचे काम शिकवले. १९१३ मध्ये आपल्या घरच्या गाडीखान्यातच त्यांनी स्त्रियांसाठी वर्ग काढला. गाडीखाना छोटा, पण शिकवायला येणारे प्राध्यापक मोठमोठ्या विद्यापीठांतले. १९१४ मध्ये त्या वर्गातून २७ जणी बाहेर पडल्या. त्यांतल्या बऱ्याच जणी गावच्या शाळांत गेल्या. हातात ब्रश घेऊन बाकाबाकावरून त्या फिरल्या, पोरांकडून कवायतीसारखे दात घासून घेतले, घरी आयांना चिठ्ठ्या पाठवल्या. दंतवैद्याच्या खुर्चीबाहेर, शाळेच्या वर्गात, पगारावर नेमलेली बाई मुलांचे दात सांभाळते आहे, हे दृश्य नवीन होते.

त्याच वर्षी, १९१४ मध्ये, बॉस्टन शहरात फोर्साइथ बंधूंच्या देणगीतून फक्त मुलांसाठी दातांचे एक भलेमोठे रुग्णालय उघडले. गरिबाघरची पोरे यावीत, घाबरू नयेत, म्हणून दारावर गोष्टींतली चित्रे कोरलेली होती. या रुग्णालयात एक हिंदुस्थानी तरुण काम करत होता. त्याचे नाव रफिउद्दीन अहमद. पूर्व बंगालमध्ये १८९० साली जन्मलेला हा मुलगा अमेरिकेत गेला, आयोवा विद्यापीठातून १९१५ मध्ये दंतवैद्यकाची पदवी घेऊन बॉस्टनला आला आणि पहिल्या महायुद्धानंतर कलकत्त्याला परतला. १९२० मध्ये त्याने तिथे देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. पैसा कुठून आणला? कलकत्त्यात त्याने 'न्यूयॉर्क सोडा फाउंटन' नावाचे शीतपेयांचे दुकान थाटले होते. लोकांना गोड सरबते पाजून मिळालेल्या नफ्यावर दातांचे कॉलेज चालले! या गमतीवर कोणी नाटक कसे लिहिले नाही, याचे मला नवल वाटते.

अहमद साहेबांचे नाव मराठी वाचकाला फारसे माहीत नाही, म्हणून दोन वाक्ये जास्त बोलतो. त्यांनी १९२५ मध्ये दंतवैद्यकाचे नियतकालिक सुरू केले आणि १९२८ मध्ये विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले. दंतवैद्यांसाठी कायदा व्हावा म्हणून ते झगडले. १९४८ चा दंतवैद्यक कायदा झाला, त्यामागे त्यांची अनेक वर्षांची धडपड होती. कॉलेज त्यांनी १९४९ मध्ये सरकारच्या हवाली केले. पुढे ते पश्चिम बंगालचे मंत्री झाले, १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले, १९६५ मध्ये गेले. मुंबईशी त्यांचा एक धागा जुळतो. त्यांच्या कॉलेजात शिकलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ मध्ये मुंबईत दातांचा दवाखाना उघडला होता, आणि धोबीतलावच्या पालिका दवाखान्यात त्या विनामूल्य कामही करत. पुढचे राजकारण सगळ्यांना ठाऊक आहे, दवाखाना कोणाला ठाऊक नाही.

पण एक गोष्ट मनाला लागून राहते. बॉस्टनहून अहमद साहेबांबरोबर दंतवैद्यक आले, कॉलेज आले, कायदा आला. ब्रिजपोर्टची ती बाकाबाकावरून फिरणारी बाई मात्र आली नाही. आपण डॉक्टर घडवले. मुलांपर्यंत जाणारे कोणी घडवले नाही. आजही महाराष्ट्रात दंत महाविद्यालयांची वाण नाही, वाण आहे ती तीन वर्षांच्या पोराच्या तोंडात डोकावणाऱ्या माणसाची.

ती बाई गेली भलतीकडेच. न्यूझीलंडला.

पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडच्या जवानांच्या दातांची दशा पाहून तिथल्या फौजी दंतसेवेचे प्रमुख थॉमस हंटर हादरले होते. युद्ध संपल्यावर ते आरोग्य खात्यात आले आणि त्यांनी सरकारपुढे हिशेब मांडला. देशात दंतवैद्य मोजके, ते शहरांत बसलेले, आणि मुले विखुरलेल्या खेड्यांत. मग दोन वर्षांचे शिक्षण देऊन तरुण मुलींनाच तयार करायचे. त्यांनी फक्त शाळकरी मुलांचे दात पाहायचे, भरायचे, काढायचे आणि शिकवायचे. पोट दुखते म्हणून येणारे म्हातारे त्यांनी बघायचे नाहीत. दंतवैद्यांत कुरबुर झाली. दोन वर्षे शिकलेली पोरगी दात भरणार म्हणजे आमची सहा वर्षे पाण्यात गेली की काय, असा तो सूर. हंटर हटले नाहीत. १९२१ मध्ये वेलिंग्टनला तीसेक मुलींची पहिली तुकडी दाखल झाली. १९२३ मध्ये 'स्कूल डेंटल नर्स' होऊन त्या शाळांत गेल्या.

शाळेच्या आवारात एक छोटी खोली, आत पांढऱ्या कपड्यातली नर्स आणि शिवणयंत्रासारखे पायाने चालवायचे दात कोरण्याचे यंत्र. वीज नसलेल्या खेड्यातही ते चाले. बाई पाय मारणार, यंत्र घर्र घर्र करणार, पोरगे खुर्चीचे हात घट्ट धरून बसणार. मुलांनी त्या खोलीचे बारसे केले, 'खुनाचे घर'! पिढ्यान्पिढ्या ते नाव टिकले. मुलांइतके नेमके नाव कवींनाही सुचत नाही.

नावात भीती असली, तरी त्या खोलीत एक मोठी गोष्ट होती. ती खोली शाळेतच होती. बापाला मजुरी बुडवून तालुक्याला जावे लागत नव्हते, आईला कोणाची परवानगी काढावी लागत नव्हती, फी नव्हती. सहा महिन्यांनी पाळी आली, की नर्स वर्गात निरोप पाठवणार आणि नाव पुकारलेले मूल जाणार. हळूहळू शाळेत न जाणाऱ्या लहानग्यांनाही या सेवेत घेतले गेले. विसाव्या शतकाच्या मध्यावर मलाया आणि सिलोन या आपल्या शेजारपाजारच्या मुलखांनी ही पद्धत उचलली. आपण उचलली नाही.

या सेवेचे दोष झाकायचे कारण नाही. ती भरण्यात पटाईत झाली, टाळण्यात नाही. पुष्कळ मुलांच्या दाढा सिमेंट-चांदीने भरल्या गेल्या. काही दाढा कदाचित नुसत्या घासण्याने आणि वाट पाहण्याने वाचल्या असत्या. दात कोरण्याची घाई कमी केली पाहिजे, हे पुढे त्याच सेवेतल्या जाणत्यांनी ओळखले. आणि ज्या मुलींच्या पायांवर हा डोलारा चालला, त्यांचा पगार तुटपुंजाच राहिला. १९७४ मध्ये या नर्सांनी वेलिंग्टनमध्ये संसदेवर मोर्चा नेला. हे वाचताना मला आझाद मैदानावर बसलेल्या आपल्या अंगणवाडीताईच दिसल्या.

भरण्यापेक्षा टाळणे, हा धडा अलीकडे सगळ्यांत चांगला गिरवला तो स्कॉटलंडने. त्यामागे मजेशीर कोर्टकचेरी आहे. पाण्यात अल्प प्रमाणात फ्लोराइड मिसळले तर कीड कमी होते, हे अमेरिकेत ग्रँड रॅपिड्स गावी १९४५ पासून करून पाहिले गेले होते. ग्लासगोच्या भागातल्या प्रशासनाने तसे करायचे ठरवले, तेव्हा एका आजीबाईंनी दावा ठोकला. आजीबाईंच्या तोंडात स्वतःचा एकही दात नव्हता. खटला दोनशेहून अधिक दिवस चालला, आणि १९८३ मध्ये निकाल लागला की प्रशासनाला तसा अधिकार नाही. पाण्याचा रस्ता बंद झाला. स्कॉटलंड म्हणजे गोडाचे वेड असलेला देश. एके काळी तिथे लग्नाआधी मुलीचे सगळे दात काढून कवळी बसवून देत, पुढे नवऱ्याला खर्च नको म्हणून!

पाण्याचा रस्ता बंद, मग त्यांनी बालवाडीचा रस्ता धरला. २००६ मध्ये 'चाइल्डस्माइल' नावाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात यंत्रांची झगमग काही नाही. बालवाडीत रोज, शिक्षिकेच्या डोळ्यांसमोर, सगळी मुले एकत्र दात घासतात. ब्रश-पेस्ट सरकारची. दात घासून थुंकायचे, पण खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे पेस्टमधले फ्लोराइड दातावर राहते. बाळ काही आठवड्यांचे असतानाच आरोग्यसेविका घरी येते, आणि ज्या घराला जास्त गरज तिथे दातांपुरती नेमलेली एक कार्यकर्ती वारंवार जाते. ती डॉक्टर नसते, त्याच वस्तीतली असते. गरीब वस्त्यांतल्या मुलांच्या दातांना वर्षातून दोनदा फ्लोराइडचा लेप लावतात.

परिणाम? पहिलीत येणाऱ्या मुलांपैकी डोळ्यांना दिसणारी कीड नसलेली मुले २००३ मध्ये ४५ टक्के होती. २०१८ मध्ये ती ७१ टक्के झाली. बालवाडीतल्या दात घासण्यावर वर्षाला साधारण १८ लाख पौंड खर्च होत होता. आणि पाच वर्षांच्या मुलांच्या दातांच्या उपचारांवरचा खर्च २००१-०२ ते २००९-१० या काळात ८८ लाख पौंडांवरून जवळपास निम्म्यावर आला. गरीब आणि सधन वस्त्यांमधली दरी मात्र बुजलेली नाही, कमी झाली आहे. ब्रशने गरिबी जात नाही.

आता आपल्या अंगणात येऊ. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी सुरू झाली, आणि 'अंगणवाडी' हा सुंदर शब्द सरकारी कागदावर आला. स्कॉटलंडला जे उभारावे लागले ते आपल्याकडे पन्नास वर्षांपासून तयार आहे: तीन ते सहा वर्षांची मुले रोज एका जागी, त्यांच्यासाठी शिजलेले अन्न, आणि प्रत्येकाची आई ओळखणारी त्याच गावातली बाई. दातांसाठी एवढेच लागते.

आपाच्या अंगणवाडीत एकदा एका मुलीचे वजन दोन महिने वाढेना. खिचडी पुढ्यात घेऊन बसायची आणि तशीच ठेवून उठायची. आपाने तोंड उघडायला लावले, तर वरचे पुढचे चारही दात काळे पडून हिरडीपर्यंत झिजलेले, आणि दाढेत खड्डा. साखरेच्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपायची सवय, तिचे हे फळ. अशी मुले मग तिला एकामागून एक दिसू लागली. कोणी सकाळी चहा-खारीवर, कोणी पाच रुपयांच्या पाकिटावर. आणि काही घरांत आजी नातवंडाच्या हिरड्यांवर स्वतःची मशेरी फिरवायची. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, मशेरी म्हणजे भाजून वाटलेली तंबाखू. दात 'घट्ट' होतात म्हणून ती लावायची, आणि पोराला चार वर्षांचा असतानाच तिची तलफ लागायची.

आपाच्या रजिस्टरांत वजनाला, लसीला, खिचडीला रकाना होता. दातांना नव्हता. तिने वहीच्या मागच्या पानावर आखून घेतला. सुताराकडून लाकडी पट्टीला भोके पाडून घेतली आणि प्रत्येक भोकाशी एकेक चित्र चिकटवले, पतंग, मासा, कुलूप, टरबूज. ब्रश पहिल्या वर्षी पदरच्या पैशाने आणले, नंतर पालकांनी वर्गणी काढली. ज्याला नाव वाचता येत नाही त्याने आपल्या चित्राचा ब्रश घ्यायचा. ग्लासगोच्या बालवाड्यांतही चित्रे लावलेली अशीच घडवंची असते, हे मी तिला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मग काय, पोरं सगळीकडं सारखीच की." आज्यांशी मशेरीवरून तिची रोज जुंपायची. आमच्या अब्बांची मिस्वाक, शेजारच्या काकांची बाभळीची काडी, माकडछाप काळे मंजन, या सगळ्यांना तिने नावे ठेवली नाहीत. एवढेच म्हणायची, की काडी चावायला दाढा लागतात, आणि दोन वर्षांच्या लेकराला त्या येतायत अजून.

पेस्टच्या बाबतीत मात्र ती कडक. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे वाटाण्याएवढी. याचे कारण आपल्या मातीतच आहे. फ्लोराइड थोडे असले तर दाताचे कवच राखते, जास्त झाले तर दातावर पिवळे-तपकिरी डाग पडतात, हाडे आखडतात. आपल्या देशात हा आजार १९३७ मध्ये नेल्लोर भागात शॉर्ट यांनी नोंदवला. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात ते मुळातच जास्त आहे. तिथल्या आयांनी पेस्ट निवडण्याआधी आरोग्य केंद्रात पाण्याची चौकशी करावी. म्हणजे स्कॉटलंडची नक्कल जशीच्या तशी आणून चालायची नाही, गावागणिक पाणी पाहावे लागेल.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी झाला, आणि तो आपल्याच पालघरमध्ये. या कार्यक्रमात वैद्यकीय पथकाने गाडी घेऊन अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचे आणि मुलांची तपासणी करायची, अशी योजना आहे. शोधायच्या आजारांच्या यादीत दातांची कीडही आहे. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतात. दंतवैद्य नसतो, नसला तरी चालेल, कारण खड्डा ओळखायला दंतवैद्य लागत नाही. अडते ते पुढे. पथक चिठ्ठी देते, चिठ्ठी घेऊन मोठ्या दवाखान्यात जायचे.

आपाच्या गावातली एक आई अशी चिठ्ठी घेऊन दोनदा गेली. पहिल्यांदा दातांचे डॉक्टर रजेवर होते. दुसऱ्यांदा, दुधाचा दात आहे, पडेल, असे सांगून गोळ्या देण्यात आल्या. तिसऱ्यांदा ती गेली नाही. दोन दिवसांची खुरपणीची मजुरी आणि एसटीचे भाडे तिने दातापायी घातले होते. शिकलेल्या माणसाच्या तोंडूनही शेवटी ते कौलावरचे वाक्यच निघाले. हंटर यांनी शंभर वर्षांपूर्वी शाळेच्या आवारात खोली का बांधली, ते मला या बाईच्या दोन खेपांवरून कळले.

आता ती खोलीही न बांधता बरेच काही करता येते. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड नावाचे एक द्रावण आहे. जपानमध्ये ते १९७० पासून वापरात आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातले. खड्डा पुसून कोरडा करायचा, बारीक ब्रशने थेंबभर लावायचे, मिनिटभर थांबायचे. यंत्र नाही, सुई नाही, वीज नाही, रडारड नाही. बऱ्याच दातांतली कीड तिथेच थांबते. थोड्या प्रशिक्षणावर परिचारिका हे करू शकते, म्हणजे ते पथकाच्या त्याच गाडीतून अंगणवाडीच्या ओसरीपर्यंत येऊ शकते. दाढ ठणकून सुजली असेल, तर मात्र दंतवैद्याकडेच जावे लागते.

एक अडचण आहे. औषध लावलेला खड्डा कायमचा काळा पडतो. आपा २०२२ मध्ये निवृत्त झाली, तरी गावातल्या बाया अजून सल्ल्याला तिच्याकडेच येतात. मी या औषधाची माहिती दिली, तेव्हा तिने पहिला प्रश्न हाच विचारला, की काळा दात पाहून सासू काय म्हणेल? मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, "दाढेला लावा. दाढ कोण बघतंय. पुढच्या दाताचं आईला विचारा, आणि मुलगी असली तर दोनदा विचारा."